घरातलं जुनं व्यायामाचं सामान : तुम्ही कसं आणि कुणाला दिलंत?

धागाकर्ती, ठाणे

२०२० च्या लॉकडाऊननंतर हौसेने घेतलेली ट्रेडमिल हॉलमधून हलवायची आहे. (कपडे वाळत घालायच्या मशीनचे विनोद घरच्यांनी करून झालेत, इथे नकोत.) चालते, पण पट्टा डावीकडे सरकतो. भंगारात द्यायला जीव होत नाही. नातेवाइकांत जो "मला दे" म्हणतो, तो न्यायला काही येत नाही. तुम्ही असलं सामान घराबाहेर कसं काढलंत? फजितीचे किस्से आधी सांगा, ते जास्त उपयोगी पडतील.

डोंबिवली

आमची तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वजन ऐंशी किलो. भंगारवाल्याने जिन्यातूनच विचारलं, "मोटर चालू आहे का?" नाही म्हटल्यावर लोखंडाचा भाव सांगितला. मी हो म्हणणारच होतो, पण शेजारचा फ्रीज त्याने कसा फोडला ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तांबं काढून घेतलं, वायरी नाल्याकाठी जाळल्या, फोम तिथेच टाकला. आठवडाभर वास येत होता.

चौकशी केली तेव्हा कळलं की १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत टीव्ही-फ्रीजबरोबर विजेवर चालणारं क्रीडासाहित्यही आहे. म्हणजे बंद ट्रेडमिल रीतसर नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवी. नोंदणी खरी आहे की नुसती व्हिजिटिंग कार्डावर छापलीय, ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत बघून घ्या. एका मशीनसाठी गाडी पाठवायला ते तयार नव्हते. मग सोसायटीत विचारलं, तर तीन मिक्सर, दोन सीपीयू, एक मायक्रोवेव्ह आणि कुणाची तरी लग्नातली म्युझिक सिस्टिम निघाली. गाडी आली. पैसे भंगारवाल्यापेक्षा कमी मिळाले, ते वॉचमनला दिले.

उतरवताना मात्र हाल झाले. दुमडलेली ट्रेडमिल दोरीने आवळून बांधा, नाहीतर वळणावर उघडते आणि बोटं चेपतात (माझी चेपली). तिच्याखाली जो गॅसचा दट्ट्या असतो तो दाबाने भरलेला असतो, तो कापायचा-ठोकायचा नाही. मोटरचं झाकणही प्लग काढल्या काढल्या उघडू नका, बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते.

ताई, तुमची तर चालू आहे, भंगाराचं नाव कशाला काढता? पट्टा ज्या बाजूला सरकतो त्या बाजूचा मागचा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, मिनिटभर रिकामी चालवून बघा, गरज पडली तर आणखी पाव. एकदम दोन फेरे फिरवू नका.

कोल्हापूर

आमच्यात वीजबीज काय नव्हती. आजोबांच्या मुद्गलांच्या दोन जोड्या आणि एक करेल, म्हणजे हातात धरून फिरवायची लाकडी व्यायामसाधनं. जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरून निघालं. शोभेला म्हणून मागणारे पुष्कळ भेटले, पण हॉटेलच्या भिंतीवर टांगायला द्यायचं मनात येईना. तालमीत घेऊन गेलो. वस्तादांनी प्रत्येक मुद्गल उलटा करून बघितला, मुठीपाशी नखाने टोकरलं, फरशीवर वाजवून ऐकला. एक जोडी आणि करेल ठेवून घेतली. दुसरीला आतून कीड. "ही नको. मूठ सुटली तर समोरच्याचं डोकं फुटतंय," म्हणाले.

ती जोडी बंबात गेली. चार सकाळी पाणी तापलं. आजी असती तर तिने आधीच घातली असती.

पुणे, कोथरूड

स्वस्तात घेतलेला, व्यायामाला उचलायच्या वजनाच्या प्लेटांचा सेट. भंगारवाल्याने एक उचलली, टिचकी मारली आणि परत ठेवली. "मॅडम, आत सिमेंट आहे." म्हणजे वर प्लास्टिक, आत सिमेंट, आणि मी चार वर्षं 'आयर्न' उचलत होते! बिडाच्या दोनच निघाल्या, त्या त्याने लगेच तराजूत टाकल्या.

नवरा म्हणाला, रोज एक सुक्या कचऱ्यात सरकव. पण आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात. ती पाच किलोची पिशवी चार मजले त्यांनी उतरवायची? त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, जुन्या वस्तू वेगळ्या नेतो, पण सिमेंटला कोण घेणार? शेवटी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्यांचं प्लास्टिक उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार ठेवल्यात. बाकीच्या कुंड्यांखाली.

नाशिक

व्यायामाची सायकल विकायची जाहिरात टाकली. पाच मिनिटांत फोन : "मी लष्करात आहे, बदली झालीय, माणूस पाठवून उचलतो." घासाघीस नाही, बघायला यायचं नाही. मग क्यूआर कोड आला : स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. बायको ओरडली म्हणून वाचलो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मला हे माहीत होतं आणि तरी बोट पिनवर होतं.

नंतर एक कॉलेजचा मुलगा आला, दहा मिनिटं पेडल मारली, पाचशे कमी केले आणि रिक्षात आडवी घालून घेऊन गेला.

रत्नागिरी (फिजिओथेरपिस्ट)

दान करण्याआधी फोन करून विचारा, एवढंच सांगायचंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना सायकल कामाची, पण सीट खालीवर होत असेल तरच. वृद्धाश्रमाला ट्रेडमिल देऊ नये या मताची मी आहे. पळता पट्टा, तोल जाणारी आजी, आणि शेजारी उभं राहायला कुणी नाही. वर तिला पंधरा अँपिअरचा प्लग लागतो, तो प्रत्येक खोलीत नसतो. एका ठिकाणी अशा दोन ट्रेडमिल चादर घालून ठेवलेल्या पाहिल्यात. देणाऱ्यांची नावं मात्र ठळक रंगवलेली.

म्युनिक

इथे पालिकेच्या संकलन आवारात, म्हणजे वेर्टश्टोफहोफवर, आपणच न्यायचं. विजेचं एका कंटेनरात, नुसतं लोखंड दुसऱ्यात. चांगल्या वस्तूंसाठी पालिकेचंच 'हाले २' नावाचं जुन्या सामानाचं दुकान आहे. आमचा क्रॉस ट्रेनर तिकडे दिला. डिस्प्लेतले सेल आधी काढा, ते वेगळे जातात. आणि ब्लूटूथवालं मशीन असेल तर आपलं खातं पुसून द्या. आमच्या आधीच्या मालकाचं वजन आम्हाला दोन वर्षं दिसत होतं. वाढतच होतं बिचाऱ्याचं.

सांगली

योगा मॅट : वॉशिंग मशीनखाली. मोठा चेंडू : नातवाने फोडला. विषय संपला.

धागाकर्ती, ठाणे (तीन आठवड्यांनी)

डोंबिवलीकर दादा, अर्धा फेरा लागला, पट्टा सरळ! तरी जाहिरातीत "पट्टा सरकायचा, आता नीट केलाय" असं लिहिलं. त्यामुळे दोघे गळाले. तिसरं मुरबाडचं जोडपं आलं, दोघांनी आळीपाळीने चालून बघितली, वंगणाची बाटली आणि माहितीपुस्तिका मागून घेतली, टेम्पोत चढवली. दोरीने आवळूनच.

रात्री त्यांचा फोन : "ताई, पोहोचलो, पण सुरू होत नाही. ती लाल चावी?"

त्यांनी चालून बघितल्यावर मी चावी काढली होती. नातवाचा हात पोहोचू नये म्हणून रोज काढून कपाटावर ठेवायचे, तशीच. उद्या कुरिअर करते.