विषय: ओंकारच्या गाडीचा इन्शुरन्स (तातडीचं, शनिवारच्या आत)

नंदू (सध्या मुक्काम आचरे, सिंधुदुर्ग):
मंडळी, रेंज फक्त विहिरीपाशी येते म्हणून थोडक्यात. आमचा ओंकार तिकडे यूकेत ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला, पेढे सगळ्यांनी खाल्लेत. सेकंडहँड कोर्सा १.२ घेतलीय आणि इन्शुरन्सचा आकडा आलाय १,९४० पौंड. १९ वर्षांच्या पोराला! गाडीच्या निम्मे पैसे झाले की हे. शनिवारी मंडळाच्या स्टोअरमधून गणपतीचं मखर त्यालाच आणायचंय, त्यामुळे शुक्रवारपर्यंत पॉलिसी हवीच. माझा विचार असा आहे की पॉलिसी माझ्या नावावर घ्यायची, ओंकारला नेम्ड ड्रायव्हर (अधूनमधून चालवणारा) म्हणून टाकायचं, माझा १४ वर्षांचा नो क्लेम (क्लेम न केल्याची सूट) आहेच. असं केलं तर ९०० च्या आत बसतंय. कुणी केलंय का?

अनघाताई:
नंदू, करू नकोस. याला फ्रंटिंग म्हणतात आणि ते फ्रॉडमध्ये जातं. गाडी युनिव्हर्सिटीत रोज नेणार ओंकार आणि मेन ड्रायव्हर कोण, तर आचऱ्यात विहिरीपाशी उभा असलेला तू! कुणाला ठोकली तर कंपनी पहिल्यांदा हेच विचारते, गाडी रात्री कुठे उभी असते, रोज कोण चालवतं. पॉलिसी रद्द झाली की ओंकार विनाविमा चालवत होता असं धरतात, म्हणजे लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट. आणि टेस्ट पास झाल्यापासून २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच जातं, थिअरीपासून पुन्हा सगळं. शिवाय तुझा नो क्लेम तुझ्या गाडीवर लागलेला आहे ना? तोच एकाच वेळी दोन गाड्यांवर लावता येत नाही.
उलटं कर. ओंकार मेन, तू आणि वहिनी नेम्ड. अनुभवी माणूस नावाला लागला की बरेचदा आकडा खाली येतो, पण तुम्ही कधीमधी खरंच चालवणार असाल तरच हं.

नंदू:
अगं पण गाडीचे पैसे माझे, लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीवर) नाव माझं. मग मी मेन कसा नाही?

अनघाताई:
पैसे कोणी भरले ते कोण विचारतंय, चालवतो कोण ते बघतात.

बंड्याकाका (कुडाळ):
रे नंद्या, तुझा गणित माका समाजला नाय. हयसर पोराचा वय कोण विचारता? माझा नातू १८ चा, लायसन्स काढलान आणि दुसऱ्या दिवसापासून माझी गाडी चालवता. आमच्याकडे प्रीमियम गाडीचा, माणसाचा नाही. थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानीचा) दर सरकारच ठरवतं, १००० ते १५०० सीसीला २०२२ मध्ये ठरवला तो ३,४१६ रुपये. ओन डॅमेजमध्येसुद्धा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात) मुंबई-पुण्यासारखी आठ शहरं झोन ए आणि आपण बी, म्हणून आपली सिंधुदुर्गाची एमएच-०७ ची गाडी थोडी स्वस्तच पडते. नो क्लेम पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. तुम्ही तिथे इतका टॅक्स भरता आणि वर हे.

सुहास:
काका, स्वस्तात पडणाऱ्या पॉलिसीचं आमच्या भावाला विचारा. चिपळूण, २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात छातीपर्यंत, गाडी पार्किंगमध्ये बुडालेली. पाणी ओसरल्यावर बघूया तरी म्हणून याने चावी फिरवली आणि इंजिन जाम. पाणी आत असताना सुरू करायचा प्रयत्न केला म्हणून साध्या पॉलिसीत ते बसलंच नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, ते त्याने ७००-८०० वाचवायला काढून टाकलेलं. त्यानंतर मी सगळ्यांना सांगतो, पाण्यातली गाडी टो करा, चावीला हात लावू नका.

सेक्रेटरी:
सर्वांना नमस्कार. ही लिस्ट मंडळाच्या कामकाजासाठी आहे याची नम्र आठवण. मागे पापडांच्या ऑर्डरीवरून काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कृपया इन्शुरन्सची चर्चा खासगीत करावी. तसंच स्टोअरची किल्ली माझ्याकडेच राहील, ती परस्पर ओंकारला देण्याचं कोणी ठरवलं?

अनघाताई:
नंदूने, मागच्या मीटिंगमध्ये, तुम्हीच मान हलवलीत.
नंदू, खरा उपाय ब्लॅक बॉक्स, गाडी कशी चालवतात ते टिपणारी डबी. आमच्या मुलीला तोच लावला होता, पहिल्या वर्षी साडेचारशे वाचले. पण त्या डबीने घरात शांतता ठेवली नाही. जोरात ब्रेक मारला की रविवारी ईमेल, एकदा पहाटे दोनला मैत्रिणीला एअरपोर्टवर सोडलं तर स्कोअर घसरला, आणि ती बया रडत मला म्हणते, आई, मांजर आडवं आलं हे मशीनला कसं सांगू! हल्ली फोनवरच्या अॅपवर पण चालतं म्हणे. आणि फक्त थर्ड पार्टी स्वस्त असेल असं धरू नकोस, तरुण मुलांना कधीकधी फुल कॉम्प्रिहेन्सिव्हच (आपल्या गाडीच्या नुकसानीसकट) कमी येतं, दोन्ही टाकून बघ. हप्ते करू नकोस, व्याज लावतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे तू पॉलिसी आदल्या दिवशी मागतोयस. तीन-चार आठवडे आधी मागितली तर तेच कोट बरंच कमी असतं.

सुहास:
पण तोपर्यंत गाडी विनाविमा ठेवता येत नाही. सॉर्न करावी लागेल, आणि मग रस्त्यावर उभी करायची पण नाही, स्वतःच्या ड्राइव्हवेवरच.

बंड्याकाका (कुडाळ):
सॉर्न म्हणजे काय?

नंदू:
काका, गाडी घरी बसवून ठेवतो असं सरकारला कळवायचं.
तर मंडळी, झालं ते असं. विहिरीवर गणपतीच्या वर टांगायच्या माटवीची फळं धुता धुता ओंकारला फोन लावला, त्याने ऑनलाइन परत आकडे टाकले. मेन तो, नेम्ड मी आणि ही, ब्लॅक बॉक्स, मायलेज खरं तेवढंच, सुरुवात तीन आठवड्यांनी. १,२९०. अनघाताई, तुझं बरोबर होतं, मी लिहून देतो. गाडी ड्राइव्हवेवर आहे, सॉर्न केली. फक्त शनिवारी मखर आणायला ओंकार नाही आता.

सेक्रेटरी:
माझ्या गाडीत मखर बसत नाही, गेल्या वर्षी मापून झालंय, मागचं दार उघडं ठेवावं लागतं. व्हॅन कोणाकडे आहे? आज रात्रीपर्यंत सांगा. आणि व्हॅनचा इन्शुरन्स चालवणाऱ्याच्या नावाला लागू आहे ना, ते आधी बघून सांगा.