मदत हवी आहे: छोट्या खोलीत सिनेमॅटिक पोर्ट्रेट, सावल्या गडदच होत नाहीत

नमस्कार मंडळी. १० बाय १२ फुटांच्या खोलीत पोर्ट्रेट काढायची खटपट चालू आहे. एक स्ट्रोब (फ्लॅशचा लाइट), ६० बाय ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), ८५ मिमी लेन्स. कॅमेऱ्याचं सेटिंग: आयएसओ १००, १/१६० सेकंद, एफ/५.६. स्ट्रोब बंद ठेवला की फोटो पूर्ण काळा येतो, म्हणजे खोलीतला उजेड दोषी नाही.

मुख्य लाइट ४५ अंशांवर, डोळ्यांच्या पातळीच्या वर. गालावर रेम्ब्राँचा त्रिकोण (सावलीतल्या डोळ्याखालचा उजेडाचा तुकडा) नीट पडतो, पण सावलीची बाजू राखाडी, मिळमिळीत. माझा संशय पांढऱ्या भिंतींवर. त्या बाजूला काळं कापड धरलं तेव्हा फरक पडला, पण मागची भिंत उजळ ती उजळच. मग लाइट दीड मीटरवरून पाऊण मीटरवर आणला (अंतर निम्मं, प्रकाश चौपट, म्हणून पॉवर दोन स्टॉप कमी, म्हणजे एक चतुर्थांश). भिंत छान काळवंडली, पण आता कपाळ नि नाक भसकन उजळतं आणि दूरचा खांदा अंधारात जातो. इथेच अडलोय.

सॉफ्टबॉक्सला ग्रिड (प्रकाश बाजूला पसरू न देणारी जाळी) लावू, की लाइट थोडा वळवून फक्त कडेचा प्रकाश चेहऱ्यावर घेऊ? काळे केस पार्श्वभूमीत बुडू नयेत म्हणून मागून दुसरा लाइट लागेलच का?

आणि चष्मेवाल्यांचं काय करता? लाइट वर नेला की काचेतली चमक जाते, पण डोळ्यांत अंधार.

"एडिटिंगमध्ये कर" हे कृपया नको, ते येतं मला. प्रकाशानेच जमवायचंय.