अनुभव धागा : कॉलनीतलं क्वीअर लिखाण घरच्या घरी छापताना

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारच्या कॉलन्यांमधलं समलिंगी आणि पारलिंगी जगणं स्वतः लिहून, स्वतः छापून, हातोहात वाटणाऱ्यांसाठी हा धागा. आपली कहाणी पुस्तिकेत लिहा. इथे फक्त काम कसं करायचं आणि कुठे फसतं तेवढंच सांगा.

भुसावळ
टोपणनाव घेतलं तरी क्रियापद चुगली करतं. ‘गेलो’ की ‘गेले’, ‘बसतो’ की ‘बसते’, हे पहिल्याच ओळीत उघडं पडतं. ज्यांना ते सांगायचं नसतं, किंवा दोन्हींपैकी एकही आपलं वाटत नाही, त्यांच्यासाठी मराठीत वाटा आहेत. सकर्मक भूतकाळ : ‘मी पाहिलं’, ‘मी चहा घेतला’, इथे क्रियापद कर्माच्या मागे जातं, लिहिणाऱ्याच्या नाही. भविष्यकाळ : ‘मी जाईन’. ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं : ‘मला भेटायचं होतं’. अनेकवचन : ‘आम्ही निघालो’ सगळ्यांना सारखंच. रोजची सवय सांगताना ‘मी स्टेशनवर जाई’ चालतं, पण पानभर तेच आलं की जुन्या कादंबरीचा वास येतो. दुसऱ्या माणसाबद्दल लिहिताना ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ वापरा. ‘ते’ किंवा ‘त्या’ आलं की पुन्हा फसलात.
अहिराणीत तर वर्तमानकाळाचं काम आपोआप होतं. ‘मी जास’ बाई म्हणो की बुवा, आणि ‘तो जास’, ‘ती जास’ यांतही क्रियापद तेच. म्हणून अहिराणीतला मजकूर प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेऊ नका. सुधारणारा नकळत ‘जातो’ करून टाकतो आणि लिहिणाऱ्याने झाकलेलं उघडं पडतं. ‘शे’, ‘अठे’, ‘तठे’ जसे आले तसे राहू द्या. एका लेखात शुद्धलेखन एकसारखं ठेवलं की पुरे.

पिंप्राळा, जळगाव
नाव वगळलं तरी माणूस ओळखू येतो, कारण इकडे आडनावावरून गाव आणि गावावरून भाऊबंद निघतात. गट नंबर, ओपन स्पेसमधलं मंदिर, क्लासचं नाव, गाडीचा रंग, शिफ्टची वेळ, यांतल्या कोणत्याही तीन गोष्टी एकत्र आल्या की गल्लीला घर सापडतं. एक ठेवा, दोन बदला. मात्र बदल खरा वाटला पाहिजे. हिवाळ्यातली भरीत पार्टी मे महिन्यात नेलीत तर कुणीही हसेल. लेखातल्या दुसऱ्या माणसाला, म्हणजे जोडीदाराला किंवा मैत्रिणीला, छापण्याआधी मजकूर दाखवा. त्यांचा नकार आला की तो भाग काढायचा, त्यावर वाद नाही.

चाळीसगाव
ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. म्हणून पानसंख्या चारच्या पटीत ठेवा. 16 पानं म्हणजे चार कागद, वर मुखपृष्ठाचा एक. 50 प्रतींना 250 कागद, अर्धं रीम. (वाया जाणारे दहाबारा वेगळे धरा.) बाहेरच्या कागदावर एका बाजूला 16 आणि 1, मागे 2 आणि 15. कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी 17 आली पाहिजे. नाही आली तर मांडणी चुकली. दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटण्याचा पर्याय निवडा, नाहीतर मागची पानं उलटी येतात. आधी एकच प्रत काढून दुमडून बघा.
अक्षर 11 किंवा 12 पॉइंट, ओळींत मोकळी जागा, नाहीतर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना धडकतात. डीटीपीवाल्याकडे अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. त्यांत रूपांतर केलं की ‘बऱ्याच’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’ हमखास मोडतात. फॉन्ट आत घातलेली पीडीएफच द्या.
लांब हाताचा स्टेपलर नसेल तर साधा उघडून, खाली जाड थर्माकोल घेऊन पिना मारा आणि मागून हाताने वळवा. त्याहून टिकाऊ दोरा. घडीवर तीन भोकं, सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. गाठ आतल्या लांब टाक्यावर.

देवपूर, धुळे
पीडीएफच्या गुणधर्मांत लेखक म्हणून तुमचं खरं नाव बसलेलं असू शकतं. ते पुसा, फाइलचं नावही बदला. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जागेची नोंद सोबत जाऊ शकते. साधा फोटो म्हणून पाठवा किंवा स्क्रीनशॉट घ्या. झेरॉक्सवाल्याला मजकूर व्हॉट्सॲप करू नका, तुमचा नंबर आणि फाइल दोन्ही त्याच्याकडे राहतात. पेनड्राइव्ह न्या, समोर छापून घ्या, संगणकावर कॉपी केली असेल तर ती रिसायकल बिनमधूनही काढायला लावा.

नंदुरबार
आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मोफत मिळतो, पण अर्जात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो. तो सक्तीचा नाही. वाटायच्या पुस्तिकेला नकोच. दर महिन्याला अंक काढायचा विचार असेल तर थांबा : 1 मार्च 2024 पासून लागू झालेला नियतकालिकांचा कायदा ठरावीक अंतराने निघणाऱ्या, बातम्या किंवा त्यांवरची मतं छापणाऱ्या प्रकाशनांना नोंदणी लावतो, पुस्तकं त्यात येत नाहीत.
शेवटच्या पानावर कायद्याचं लिहिताना जुना मजकूर उतरवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्याच न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने समलिंगी लग्नाला मान्यता मिळाली नाही. दोन्ही लिहा, एकच लिहिलं तर वाचणारा चुकीच्या समजुतीत राहतो.

शहादा
पोस्टाने घरी पाठवू नका, पाकीट आई किंवा वहिनी आधी फोडते. हातात द्या. मुखपृष्ठ साधं ठेवा. इंद्रधनुष्य आत चालेल, बाहेर असलं तर प्रत गादीखालीच राहते. आणि आमच्याकडच्या उन्हात लेझर छपाईच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या डिकीत ठेवू नका. शाई पाकिटाला चिकटते, अक्षरं सोलून निघतात. वर्तमानपत्रात गुंडाळा.

चाळीसगाव
वर एक राहिलं : कडा कापायच्या असतील तर शिवल्यानंतरच कापा. दुमडल्यावर आतली पानं थोडी बाहेर सरकतात, आधी कापलं तर पुन्हा तिरकं दिसतं.