व्हीएमएसमध्ये डीआयआरची सेटिंग टिकेना, मदत हवी आहे

सोलापुरी_टर्मिनल: व्हॅक्स मशीनच्या व्हीएमएस सिस्टिमवर फाइलींची यादी दाखवणारी डीआयआर ही कमांड मारली की नुसती फाइलची नावं येतात. मला साइज आणि तारीख कायम दिसायला हवी. हातानं टाकलं की चालतंय, फाइलमध्ये लिहिलं की लॉगिननंतर गायब. शनिवारी जुळे सोलापुरातल्या क्लासच्या पोरांना दाखवायचंय. लवकर सांगा.

बिट_बहाद्दर: खरं व्हॅक्स की सिम्युलेटर? व्हर्जन कुठलं? फाइल म्हणजे कुठली, आणि त्यात नेमकं काय लिहिलंय?

डॉस_५: डॉसमध्ये मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट फाइलमध्ये डीआयआरसीएमडी (डीआयआरची कायमची सेटिंग) सेट करा. डॉस ५ पासून ही सोय आहे. नवी पेठेतल्या दुकानात आम्ही सगळ्या मशीनवर हेच करत होतो, कधी अडलं नाही.

बिट_बहाद्दर: अहो, शीर्षकात व्हीएमएस लिहिलंय. तिथं ऑटोएक्झेक नसतं.

सोलापुरी_टर्मिनल: सिम्युलेटरच की. ७.३. फाइल लॉगिन.कॉम, लॉगिन झालं की आपोआप चालते ती, दुसरी कुठली असणार? ओळ अशी:
$ डीआयआर := डिरेक्टरी/साइज/डेट

अक्कलकोट_रोड: एवढ्यासाठी कशाला डोकं शिणवताय. युनिक्स टाका, एलएस -एल मारा, झालं. गिरणीच्या हिशेब खात्यात झेनिक्सवर (युनिक्सचाच एक प्रकार) आठ-दहा टर्मिनल एकदम चालायची.

व्हॅक्सवाले_काका: त्यांना व्हीएमएसच शिकवायचंय, युनिक्स कशाला? एका फाइलची ;१ ;२ ;३ अशी व्हर्जनं पोरांना युनिक्समध्ये कुठं दाखवणार?
बाळा, बरोबरचं चिन्ह एकच आहे, तिथं अडलंय. एका चिन्हाचा सिम्बॉल (कमांडला दिलेलं आपलं नाव) लोकल असतो, लॉगिन.कॉम संपलं की तोही जातो. प्रॉम्प्टवर टाकलास तर लॉगआउटपर्यंत राहतो, म्हणून हातानं चालतंय. दोन चिन्हं दे:
$ डीआयआर :== डिरेक्टरी/साइज/डेट

बिट_बहाद्दर: त्यापेक्षा सगळ्यांच्या लॉगिनला चालणाऱ्या सायलॉगिन.कॉममध्ये टाका, सगळ्या पोरांना एकदम मिळेल.

व्हॅक्सवाले_काका: नको. मल्टियूजर मशीन आहे. आपली आवड सगळ्यांच्या अकाउंटवर लादायची नाही. ज्याचं त्याचं लॉगिन.कॉम ज्यानं त्यानं लिहावं, पोरं शिकतात ती त्यातूनच.

बिट_बहाद्दर: वीस पोरांची वीस लॉगिन.कॉम तपासत बसणार कोण, काका? शनिवारचा अर्धा वेळ त्यातच जाईल.

सोलापुरी_टर्मिनल: काका, टिकलं! पण लांब नावाच्या फाइलची साइज खालच्या ओळीवर पडतीय. आणि आकडे एवढे लहान कसे?

व्हॅक्सवाले_काका: नावाच्या रकान्याला मुळात १९ अक्षरांचीच जागा असते. त्याच ओळीला पुढं /विड्थ=फाइलनेम=४० जोड. आकडे ब्लॉकमध्ये आहेत, एक ब्लॉक ५१२ बाइटचा. /साइज=ऑल दिलंस तर वापरलेले आणि राखून ठेवलेले ब्लॉक दोन्ही दिसतील.

डॉस_५: डॉसमध्ये /पी दिलं की पानापानानं थांबतं. इथं आहे का तसं?

व्हॅक्सवाले_काका: आहे, /पेज.

अक्कलकोट_रोड: क्लास कुठं आहे नेमका? माझ्याकडं जुनं टर्मिनल पडून आहे, चालू आहे. पोरांसाठी न्यायचं असलं तर रविवारी या, सिरियल केबल मात्र तुमची आणा.