साठीनंतर पखवाज : कळतं, पण हाताला वळत नाही

नमस्कार मंडळी. वय ६१. नोकरी मुंबईत झाली, आता मालवणजवळ गावी कायमचा आलोय. शिमग्यानंतर वाडीतल्या बुवांकडे पखवाज शिकायला लागलो. गणपतीत घरोघरच्या आरत्यांना साथीला बसता यावं, एवढीच हौस. आता आषाढ लागला.

भजनी ठेका संथ लयीत बिनचूक जातो. मोबाइलवरच्या मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप) मिनिटाला ८० ठोक्यांपर्यंत ठीक, १०० केले की 'तिरकिट' या बोलाला बोटं एकमेकांत अडकतात आणि उजवा हात खांद्यापर्यंत ताठ होतो. बुवा म्हणतात, "काकानू, हात ढिलो सोडा. आवळून धरलात तर बोल कसो फुटतलो?" डाव्या पुडीवर (वाजवायच्या कातड्यावर) लावलेली कणीक सुकते, तरी माझा हात सुटत नाही. त्यात तोंडाने अभंग धरला की ठेका गेलाच.

माझ्यासोबत पुतण्याचा मुलगा शिकतो, वय १३. रात्री तोही अडखळतो, पण सकाळी कालच्यापेक्षा साफ वाजवतो. माझं सकाळी पुन्हा पहिल्यापासून. वाचलं की शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते आणि वय वाढलं की झोपेचा हा फायदा कमी मिळतो.

गंमत बघा, १९८६ साली मराठी ४० ची (मिनिटाला ४० शब्द) टायपिंग परीक्षा दिली होती. परवा अर्ज टाइप करायला बसलो तर रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरच्या) कळफलकावर बोटं आपोआप पळाली! जुनं सगळं शाबूत, नवीन घ्यायलाच कुरकुर. (बोटांत दुखणं, बधिरपणा काही नाही.)

जर्मनीतला २००८ चा एक अभ्यास वाचून धीर आला होता. साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं. तरुणांइतकी सफाई आली नाही, पण मेंदूच्या काही भागांतलं करडं द्रव्य (ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूच्या पेशी दाटीने असलेला भाग) वाढलेलं दिसलं. फक्त ती वाढ टिकली नाही. म्हणजे गणपतीनंतर पखवाज खुंटीला टांगला की माझंही गेलं का?

पन्नाशी-साठीनंतर वाद्य, पोहणं, स्कूटर, काहीही शिकलेल्यांना विचारायचंय. सलग तासभर बसावं की दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं? लय रोज थोडी चढवावी, की ८० वरच महिनाभर घोटावं? आणि गाणं-वाजवणं एकत्र कधी धरलंत?

"वयोमानाने व्हायचंच" असं कृपया लिहू नका, ते घरी रोज ऐकतो.