कुर्ता खांद्यात बसतो तर पोटावर ताणतो : टेलरला नेमकं काय सांगायचं?

दुपारचा चहा

वय 49. रोज लोकलचा प्रवास, मग दिवसभर खुर्चीत बसून काम. रेडिमेड कुर्ता एल घेतला तर खांदे बरोबर बसतात, पण बसलं की पोटावर आडव्या चुण्या पडतात. एक्सएल पोटाला बरा होतो, पण गळा खांद्यावरून घसरतो. आता शिवूनच घ्यायचं ठरवलंय. मापं कुठली द्यायची, कापड कुठलं आणि किती घ्यायचं? मध्येच अंगातून गरम वाफा निघतात आणि पाठ घामाने भिजते, तेही धरून सांगा. खिसा हवाच. आठवड्यातून एखाद्या वेळी साडी असते, तेव्हा ब्लाउज बगलेत आणि परकर कमरेला काचतो. त्यावरही कुणी लिहिलंत तर बरं होईल.

काजबटण

टेलरला "जरा लूज ठेवा" असं अजिबात सांगू नका. ते ऐकलं की तो सगळीकडे सारखंच वाढवतो आणि मुंढाही (बाही जोडतात तो बगलेचा गोल) खाली उतरवतो. मुंढा खोल गेला की लोकलमध्ये कडी धरायला हात वर केल्यावर बाहीबरोबर अख्खा कुर्ता वर ओढला जातो. मुंढा बगलेच्या जेमतेम एक इंच खाली हवा. मोकळेपणा द्यायचा तो बाहीला : दंडाच्या मापात दोन ते अडीच इंच जास्त. त्याहून आराम हवा असेल तर बगलेत तीन इंचाचा चौकोनी तुकडा तिरपा लावून घ्या (कापताना चार इंच). जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला असायचा तसाच. हात कितीही वर केला तरी कुर्ता जागचा हलत नाही.

मापं देताना एक गोष्ट सहसा कुणी करत नाही. टेलर छाती, कंबर आणि सीट (नितंबाचा घेर) घेतो, तीही उभ्याने. चाळिशीनंतर शरीराचा घेर सगळ्यात जास्त वाढतो तो कमरेच्या खाली, बेंबीच्या आसपास, आणि त्या जागेचं माप कागदावर येतच नाही. ते वेगळं घ्यायला लावा, खुर्चीत बसून. सीटचं मापही बसूनच द्या. छातीला चार इंच सूट (मापापेक्षा जास्त), पोटाच्या बसल्या मापाला अडीच-तीन, सीटला तीन-चार. कमरेला आत घेऊ नका, बगलेपासून सरळ खाली थोडा पसरत जाऊ द्या. खांदा मात्र तुमच्या हाडाच्या मापाचाच, एक सूतही जास्त नको. खांदा नेमका असला की बाकीचा कुर्ता सैल असूनही गबाळा दिसत नाही.

आता गळा. तो घसरतो त्याचं एक कारण मोठा साइज, आणि दुसरं, वर्षानुवर्षं टेबलावर वाकून पाठीला वरच्या बाजूला आलेला हलका बाक. आरशात बाजूने बघा. खांद्याची शिवण मागे सरकत असेल, पुढचा गळा घशाला टेकत असेल आणि मागचा घेर पुढच्यापेक्षा वर दिसत असेल, तर खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे घ्यायला आणि मानेखाली पाठीची उंची अर्धा ते पाऊण इंच वाढवायला सांगा. दिवसभर कुर्ता पुढे ओढत बसण्याचा त्रास एवढ्याने जातो. पोट पुढे असेल तर उलट पुढच्या भागाची उंची अर्धा इंच जास्त लागते.

कुर्त्याच्या प्रत्येक बाजूला आत एक इंच माया (शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड) ठेवायला सांगा. या वयात वजन वर-खाली होतं, आणि माया नसेल तर चांगला कुर्ता नुसता कपाटात पडून राहतो.

सूत

कापडाचं सांगते. गुडघ्याखाली जाणारा 44 इंच उंचीचा, कोपरापर्यंत बाहीचा कुर्ता : 44 इंच पन्ह्याचं कापड अडीच मीटर, खिसे आणि बगलेचे तुकडे धरून पावणेतीन. हातमागाची खादी 36 इंच पन्ह्याची असेल तर सव्वातीन घ्या.

घाम येणाऱ्यांसाठी केंब्रिक सगळ्यात सोयीचं : पातळ आहे, पण अस्तर लागत नाही. मलमल त्याहून थंड, मात्र आरपार दिसतं. त्याचा कुर्ता करायचा तर आत मलमलचीच स्लिप घाला. ती घाम टिपते आणि वरचा कुर्ता कोरडा दिसतो. आतली स्लिप नायलॉनची असेल तर वरच्या सुती कापडाचा काही उपयोग नाही. रेयॉन हाताला मऊ लागतं म्हणून बायका घेतात, पण भिजलं की पाठीला चिकटतं आणि लवकर वाळत नाही. जाड सुतीचंही तेच, घाम पितं पण धरून ठेवतं. लिनन झटकन वाळतं, चुरगळतं तितकंच. ते चालणार असेल तर जरूर घ्या.

"प्युअर कॉटन" या शब्दावर जाऊ नका. कडेचे उभे-आडवे दोन्ही धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देऊन राख होतो, ती बोटाने चुरडते. पॉलिएस्टर असेल तर वितळून टोकाला टणक मणी राहतो.

रंग : साधा राखाडी, आकाशी आणि मेंदी या रंगांवर घामाचे डाग सगळ्यात ठळक दिसतात. पांढरा, गडद निळा, काळा किंवा बारीक छपाई असेल तर कळत नाही. पुढे आठ-नऊ इंचांची बटणपट्टी ठेवा. वाफ आली की दोन बटणं सोडता येतात, गोल बंद गळ्यात ती सोय नाही.

आणि शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं. म्हणजे 44 इंचांचा कुर्ता दीड-दोन इंचांनी आखूड. अस्तर असेल तर तेही भिजवा. नाहीतर अस्तर आटून वरचं कापड फुगतं.

काजबटण

खिसा राहिला. बाजूच्या शिवणीत, कमरेखाली दोन इंचांवर सुरू करा. तोंड साडेसहा इंच, तोंडाच्या वरच्या टोकापासून खोली दहा. अडचण अशी की बाजूचा कट वर असेल तर पिशवी कटातून डोकावते. म्हणून कट खिशाच्या तोंडाखाली किमान दोन इंच सोडून सुरू करा आणि पिशवी पुढच्या भागाला वळवून तिचं वरचं टोक शिवणीत पक्कं करा. पिशवी पॉपलिनची, तोंडाच्या कडेला आतून दीड इंचाची पट्टी. नाहीतर दोनशे ग्रॅमचा मोबाइल शिवण ओढून कुर्ता एका बाजूला लोंबवतो. मलमलच्या कुर्त्याला फोनचा खिसा करूच नका.

पाचवारी

ब्लाउज बगलेत काचतो तो बहुतेक वेळा जुन्या ब्लाउजवरून माप दिल्याने. वयानुसार छातीची उंची खाली येते, आणि टक्सचं (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्यांचं) टोक जुन्याच जागी राहिलं की कापड वर सरकून बगलेत गोळा होतं. रोज घालता तीच ब्रा घालून खांद्यापासून टक्सपर्यंतचं माप नव्याने द्या. साध्या चार टक्सऐवजी प्रिन्सेस कट (उभ्या लांब शिवणींनी आकार दिलेला) घ्या, नंतर वाढवायला सोपा पडतो. दोन्ही बगलांत दीड इंच माया. अस्तर मलमलचं. कापड टू बाय टू रुबिया असेल तर अस्तराशिवायही चालतं. एक मीटर पुरतं.

परकराचं जास्त मनावर घ्या. गोल, बारीक नाडी कमरेच्या एकाच रेषेवर रोज रुतते. 2024 साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क बायकांच्या केसेस मांडल्या : वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधून झालेली जखम भरली नाही आणि तिथे त्वचेचा कर्करोग झाला. असं क्वचित होतं, पण कमरेवर काळा पट्टा, खाज, सोलवटणं हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. नाडीऐवजी दीड इंच रुंद सुती पट्टी किंवा हुकाचा बेल्ट लावून घ्या, हुकाच्या तीन जागा ठेवा. साडी नसेल तेव्हा, घरी, सैल नाडीचे किंवा बिननाडीचे कपडे घाला. कमरेवरची जखम भरत नसेल तर मलम लावत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शेपवेअर घट्ट आणि पॉलिएस्टरचं असतं, घामाच्या दिवसात मी तरी ते सुचवणार नाही.

टाका

पँटबद्दल थोडं. पुढे सपाट पट्टी आणि फक्त मागे इलास्टिक, सव्वा इंच रुंद. बारीक इलास्टिक बसल्यावर दुमडून दोरीसारखं होतं. नेफ्यात घातल्यावर दोन्ही टोकांना आणि मध्ये उभी शिलाई मारायला सांगा, म्हणजे पिळा पडत नाही. आसनाचं माप बसून : कमरेपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत, अधिक एक इंच. मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन इंच उंच, नाहीतर वाकलं की मागून घसरते.

दुपारचा चहा

सगळ्यांचे आभार, ताई. हे छापूनच टेलरकडे नेते. घरात पाच-सहा चांगले कुर्ते आहेत, माया अजिबात नाही. त्यांचं काही करता येईल का?

काजबटण

येईल. बाजूची शिवण पूर्ण उसवा : बाहीच्या टोकापासून बगलेतून थेट कटापर्यंत. मध्ये अडीच इंच रुंद पट्टी लावा, दोन्हीकडे अर्धा इंच शिवणीत जाऊन दीड इंच उरते. दोन्ही बाजू मिळून घेर तीन इंच वाढतो आणि त्याच पट्टीने प्रत्येक दंडही दीड इंच मोकळा होतो. पट्टी बगलेत तोडू नका, एकसंध ठेवा, नाहीतर चार शिवणी एका जागी येऊन टोचतात. त्याच रंगाचं कापड मिळालं नाही तर ओढणीतून काढा किंवा सरळ वेगळ्या रंगाची छापील पट्टी घ्या. ती मुद्दाम केल्यासारखी दिसते. पट्टीचं कापड आधी भिजवून घ्या. कुर्ता धुऊन धुऊन आटून बसलेला असतो. पट्टी कोरी राहिली तर पहिल्याच धुण्यात ती आटते आणि बाजूला चुण्या पडतात.