इलेक्ट्रिक गाडी वापरताय? फायदे-तोटे दोन्ही सांगा

पेट्रोल गाडी बदलायची वेळ आलीये आणि घरात रोज हीच चर्चा चालू आहे. माहितीपत्रकं भरपूर वाचून झाली, आता जे रोज चालवतात त्यांच्याकडून ऐकायचंय. रेंज खरी किती मिळते, चार्जिंगचा ताप होतो का, बॅटरीचं काय? चांगलं-वाईट सगळं लिहा प्लीज.

---

आधी एकच बघा, रात्री गाडी उभी राहते तिथे स्वतःचा प्लग आहे का? असेल तर बाकी अडचणी किरकोळ आहेत. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३ किलोवॅटने चार्ज होते, म्हणजे ४० युनिटची बॅटरी शून्यापासून भरायला चौदा-पंधरा तास, हे ऐकून लोक घाबरतात, पण शून्यापर्यंत नेतं कोण? रोजच्या ४०-५० किलोमीटरला सात-आठ युनिट लागतात, ते झोपेत भरून निघतात. पंपावर जाणं हा प्रकार आयुष्यातून गेला माझ्या. फक्त वायरिंगमध्ये कंजुषी नको, वेगळी लाइन, चांगलं अर्थिंग, आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नाही, कारण तासन्‌तास एवढा करंट ओढला की हलका सॉकेट वितळतो.

---

वरच्यांशी सहमत, आणि मी दुसऱ्या बाजूला आहे. इमारतीतल्या पार्किंगला लाइन नाही, सगळी भिस्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर. कधी चार्जर बंद, कधी पुढे दोन गाड्या, कधी त्याचं वेगळंच अ‍ॅप टाका मग पैसे भरा मग ते अडकतं, आणि दर घरच्या विजेपेक्षा बराच जास्त. शिवाय ८० टक्क्यांपर्यंत झरझर भरते आणि पुढचे २० टक्के रांगत जातात, बॅटरी जपण्यासाठी गाडीच करंट कमी करते, त्यामुळे ऐंशीला काढून निघणंच परवडतं. गाडी चालवायला मला मनापासून आवडते, पण घरी प्लग नसेल तर मी कोणालाही आत्ता घ्या म्हणणार नाही.

---

रेंजबद्दल. पेट्रोल गाडीची सवय म्हणजे हायवेला मायलेज जास्त, शहरात कमी. इथे बरोबर उलटं. शहरात प्रत्येक ब्रेकला मोटर जनरेटर होऊन थोडी वीज परत बॅटरीत टाकते, हायवेला ते फारसं होत नाही आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून ११० वर गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो, रेंजचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. कंपनीचा आकडा लॅबमधल्या चाचणीचा असतो, लांबच्या प्रवासाला त्यातला पाऊण भागच धरा आणि पुढच्या चार्जरला पोचताना १५-२० टक्के शिल्लक राहतील असं ठरवा. एवढं केलं की आम्ही बिनधास्त जातो, मुलांसोबत कुठेतरी थांबावं लागतंच तेव्हा चार्जिंग होऊन जातं.

---

एक छोटी गोष्ट कोणी सांगत नाही, रीजेन, म्हणजे पेडलवरून पाय उचलला की मोटर गाडी हळू करत वीज परत बॅटरीत टाकते ते, जास्त ठेवलं तर मागे बसणाऱ्यांना मळमळतं. आईला खूप त्रास झाला. लेव्हल सगळ्यात कमी केली, पाय हळूहळू उचलायला लागलो, आता ती मागे शांत झोपते.

---

मेंटेनन्सचं सुख खरंच आहे. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही, सायलेन्सर नाही. ब्रेक पॅड तर एवढे कमी झिजतात की काळजी गंजाचीच, म्हणून अधूनमधून जोरात ब्रेक लावून डिस्क साफ करायची. पण टायर! गाडी जड आणि टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) पहिल्या क्षणापासून, त्यामुळे टायर लवकर जातात, हा खर्च हिशोबात धरा.

दुसरं, आतली साधी १२ व्होल्टची बॅटरी. माझी एका सकाळी बसली आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होईना, कारण मोठी बॅटरी जोडणारा रिले याच छोटीच्या विजेवर चालतो. जंप देऊन निघालो, पण ती वेळेत बदला. आणि टो करायची वेळ आली तर पूर्ण गाडी उचलून फ्लॅटबेडवरच ठेवायला सांगा, मोटरची चाकं रस्त्यावर फिरली की मोटर वीज बनवायला लागते आणि नुकसान होऊ शकतं.

---

बॅटरीची भीती मला वाटते त्यापेक्षा मोठी करून सांगतात. बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी देतात. घेताना बॅटरीची केमिस्ट्री, म्हणजे ती कुठल्या रसायनांची आहे ते विचारा: एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर अधूनमधून १०० टक्के भरायचीच, नाहीतर गाडीला उरलेला चार्ज नीट मोजता येत नाही. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० पर्यंतच, फुल फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री. खरी चिंता मला रीसेलची वाटते, नवीन मॉडेल इतक्या वेगाने सुधारतायत की जुन्याचा भाव पटकन पडतो. चार-पाच वर्षांत विकणार असाल तर नीट विचार करा, आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर आरामात घ्या.

---

आमच्याकडे कडाक्याची थंडी असते म्हणून लिहितोय. पेट्रोल गाडीत इंजिनची वाया जाणारी उष्णता हीटरला फुकट मिळते, इथे ती बॅटरीतूनच काढावी लागते आणि थंड बॅटरी चार्जही हळू घेते. हिवाळ्यात रेंज चांगलीच घटते. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारी यंत्रणा) असलेलं मॉडेल बघा, आणि निघायच्या आधी प्लग लावलेला असतानाच केबिन गरम करून घ्या, मग बराच फरक पडतो. सीट हीटर असेल तर तोच जास्त वापरा, पूर्ण केबिन तापवण्यापेक्षा खूप कमी वीज खातो.